आधीच ‘नाही’ म्हणणारं यंत्र

टेलिफोन कंपनीच्या इमारतीत तळमजल्यावर एक थंडगार खोली होती आणि त्या खोलीत होकाका होते. हे टोपणनाव त्यांना कोणी दिलं ते आता कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. का दिलं ते मात्र शेंबडं पोरही सांगेल. “काका, उद्या माझी पाळी कराल?” हो. “काका, सहलीच्या समितीत तुमचं नाव घालू?” हो. “काका, आम्ही गावाला चाललोय, एवढी कुंडी ठेवू का तुमच्याकडे?” हो. त्या खोलीत ऊन नावालाच यायचं, तरी खिडकीत कुंड्यांची रांग लागली होती. गावाला गेलेले मालक केव्हाच परत आले होते, पण कुंड्या न्यायला कोणी येत नव्हतं. काका त्यांना पाणी घालत. कुंड्यांनासुद्धा त्यांना नाही म्हणवत नसे.

आणि गंमत अशी, की अशा माणसाच्या हाती कंपनीनं जे यंत्र दिलं होतं, त्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ते वेळच्या वेळी नाही म्हणायचं. पण ते पुढे येईलच. आधी काकूंचं सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यामुळे घडलं.

काकू रेडिओवर नाटकांत काम करत. बरीच वर्षं करत होत्या, आणि सगळी वर्षं ‘दुसरी बाई’ म्हणून. नाटक संपल्यावर कलाकारांची नावं सांगतात, त्यात नायक, नायिका, खलनायक आणि डॉक्टर झाले की शेवटी ‘आणि इतर’ म्हणतात. त्या ‘इतर’मध्ये काकू राहायच्या. दार उघडून “ते घरी नाहीत” म्हणणं, दवाखान्यात “पुढचा पेशंट” म्हणून हाक देणं आणि गर्दीत कोणाला लागलं की “अगं बाई!” म्हणणं, ही तीन खाती त्यांच्याकडे कायमची होती. नायिकेची कामं केंद्रावरच्या एका ज्येष्ठ बाईंकडे जात. त्यांना सगळे ‘पहिल्या बाई’च म्हणत. त्यांचा नायकही ठरलेला होता. ती जोडी चपलांच्या जोडीसारखी एकत्रच यायची.

नाटक झालं की काकू घरी येत आणि पर्स ठेवायच्या आत विचारत, “कसं झालं?”

“छान,” काका म्हणत.

“तुमचं ‘छान’ म्हणजे तुमच्या यंत्रावरचा हिरवा दिवा. वीज चालू आहे एवढंच त्यातनं कळतं.”

काका हसत. आणि पुढच्या नाटकाला पुन्हा ‘छान’च म्हणत.

एका शनिवारी काकू घरी आल्या त्या पर्स हातात धरूनच उभ्या राहिल्या. “मिळालं,” त्या म्हणाल्या.

“काय?” लेकीनं विचारलं. ती कॉलेजात होती आणि घरात जे बोलणं कमी पडायचं ते भरून काढायची.

“मुख्य काम. नायिकेचं.”

केंद्रावर नव्या निर्मात्या बाई आल्या होत्या. त्यांच्या नाटकात दोनच माणसं होती: बंदराच्या वायरलेस खोलीत बसणारी बाई आणि एका फेरीबोटीचा कप्तान. दोघं कित्येक वर्षं रोज वाऱ्यावरून, लाटांवरून, उशिरावरून वायरलेसवर भांडतात आणि एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नसतं. निर्मात्या बाईंनी काकूंचं “ते घरी नाहीत” कुठल्याशा जुन्या टेपवर ऐकलं होतं आणि म्हणाल्या होत्या, “रोज कोणाशीतरी भांडणाऱ्या बाईचा आवाज मला हवाय, तो हाच.”

“त्यांना कसं कळलं गं?” लेक म्हणाली.

“गप. आणि ऐका, नाटक थेट जाणार आहे. टेपबीप काही नाही. दोन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी अकराला. आणि कप्तानाचं काम करणारे गृहस्थ तिकडे दुसऱ्या गावी आहेत. पाय प्लास्टरमध्ये आहे, पण जीभ ठणठणीत. ते तिकडच्या स्टुडिओतून बोलणार, मी इकडच्या. मधली लाईन तुमची कंपनी देणार.” काकूंनी पर्स शेवटी खाली ठेवली. “म्हणजे तुम्ही.”

“हो,” काका म्हणाले. या वेळी त्यांना ते म्हणायला खरोखर आवडलं.

त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे भाडेकरू घर सोडत होते आणि त्यांचं लाकडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं होतं. न वर, न खाली. वरचे वर, खालचे खाली खोळंबले. काकांना कोणीतरी “जरा कोपरा धराल?” विचारलं होतं, त्यामुळे ते अर्धा वेळ कपाट आणि भिंत यांच्या मध्ये होते. घरात आले तेव्हा शर्टावर भिंतीचा चुना होता.

“आता मला सांगा,” काकू बटाटे चिरता चिरता म्हणाल्या, “माझा आवाज तिकडे जाणार कसा?”

“असाच,” काका बटाट्याकडे बोट दाखवून म्हणाले. “चिरून.”

सुरी थांबली. “माझा आवाज चिरणार तुम्ही?”

“सगळ्यांचंच सगळं चिरतो आम्ही. आता ते कपाट बघ. ते म्हणजे समज, बँकेची लांबलचक फाईल. एकदा जिन्यात शिरलं की बाकीच्यांनी तिष्ठत बसायचं. तुझं काम काय, तू ‘अगं बाई’ म्हणणार. त्याला टीचभर जागा पुरे. पण कपाटामागे अडकलीस तर तुझं ‘अगं बाई’ पोचेपर्यंत नाटक संपून बातम्या लागलेल्या असतील. म्हणून आमच्याकडे कायदाच आहे. कपाट असो नाहीतर सुई, सगळ्यांनी मोडून, सुटं होऊन, सारख्या मापाच्या डब्यांतून जायचं. आम्ही त्याला सेल म्हणतो. फाईलीच्या चार डब्या, तुझी एक, परत फाईलीच्या चार. जिना वाहता राहतो.”

काका एरवी इतकं बोलत नसत. लेकीनं खुर्ची जवळ ओढली. “केवढी असते डबी?”

“त्रेपन्न बाइटची. बाइट म्हणजे साधारण एक अक्षर धर. त्यातले पाच चिठ्ठीला, अठ्ठेचाळीस मालाला.”

“अठ्ठेचाळीसच का? हा काय आकडा झाला?”

“ठरवायला बसले तेव्हा काही देश म्हणाले चौसष्ट हवेत, काही म्हणाले बत्तीस. लहान डबी लवकर भरते, आवाजाला बरी. मोठीत चिठ्ठीचा खर्च कमी पडतो, फाईलीला बरी. मग मधला धरला अठ्ठेचाळीस. कोणालाच आवडला नाही.”

“म्हणजे आपला सोफा,” लेक म्हणाली.

“सोफ्याच्या वेळी तुझ्या बाबांनी मागितलं होतं कुठे काही?” काकू म्हणाल्या. “ती पूर्ण माझीच चूक आहे. बरं, पुढे.”

“पुढे काय, तीन थर आहेत. सगळ्यात खाली जिना. म्हणजे तारा, प्रकाश, काय असेल ते. त्याला डबीत काय आहे याचं सोयरसुतक नाही. त्याच्यावर हमाल. तेच माझं यंत्र. हमाल फक्त चिठ्ठी वाचतो आणि डबी पुढच्या हातात देतो. चिठ्ठी पुसट वाटली तर डबीच टाकून देतो, भलत्या दारात नेत नाही. आत मात्र कधी डोकावत नाही. आणि सगळ्यात वर दोन्ही टोकांना पॅकिंगवाले. या टोकाचा चिरून भरतो, त्या टोकाचा काढून जोडतो. फाईलीचा पॅकर वेगळा, आवाजाचा वेगळा. फाईलवाला म्हणतो, उशीर झाला तर होऊ दे, पण एक स्क्रूसुद्धा हरवता कामा नये. आवाजवाला म्हणतो, एखादी डबी पडली तर पडू दे, ठेका मात्र चुकू नये.”

“हा आपल्या गोत्रातला,” काकू खूश होऊन म्हणाल्या. “पण चिठ्ठीवर माझा पत्ता तरी नीट लिहा.”

“पत्ता नसतो गं. एवढ्याशा चिठ्ठीवर कुठला मावणार? नुसता आकडा असतो आणि तोही पुढच्या वळणापुरता. वळणावरचा हमाल तो काढतो, आपला नवा लावतो.”

काकूंचा चेहरा पडला, तेव्हा लेक मदतीला धावली. “अगं आई, तू घरात आई, खालच्या मजल्यावर काकू, स्टुडिओत दुसरी बाई आणि आजीकडे बेबी. प्रत्येक दारात चिठ्ठी वेगळी, बाई तीच. हरवलीस का कधी?”

“दुसरी बाई नाही आता,” काकू म्हणाल्या आणि सुरी पुन्हा चालू झाली. “पण मग वाट चुकत कशी नाही?”

“वाट आधी ठरते, माल मग निघतो,” काका म्हणाले. “पहिला हमाल दुसऱ्याला विचारतो, अमुक इतक्या डब्या, अमुक ठेक्यानं येणार, जागा राखून ठेवशील? दुसरा तिसऱ्याला विचारतो. सगळे हो म्हणाले तरच काम सुरू. एकानं जरी नाही म्हटलं तरी ते ‘नाही’ तिथल्या तिथे परत येतं.”

“तोंडावर?”

“तोंडावर.”

“राग नाही येत कोणाला?”

“राग कसला? एकदा हो म्हटल्यावर मोडता येत नाही, म्हणून आधीच म्हणायचं.”

काकूंनी सुरी बाजूला ठेवली. “अशा यंत्राबरोबर इतकी वर्षं काढलीत,” त्या म्हणाल्या, “वाण नाही पण गुण लागतो म्हणतात. तुम्हाला काहीच कसं लागलं नाही?”

आपलं गाव आणि कप्तानाचं गाव यांच्या मध्ये आणखी एक गाव होतं आणि तिथे तसंच एक यंत्र होतं. ते सांभाळणाऱ्याला काका ‘मधले’ म्हणत. दोघांची ओळख बारा-पंधरा वर्षांची, पण सगळी फोनवरची. मधल्यांचा आवाज बारीक, नम्र, वाक्यागणिक माफी मागणारा. काकांच्या मनात त्यांचं एक चित्र तयार झालेलं होतं: काटकुळा, चष्मेवाला, स्वेटर घातलेला माणूस.

आता ‘जागा आहे का’ हे विचारण्याचं काम यंत्रं आपसांत करत, पण अशी कायमची वाट बांधायची असली की तीन गावच्या माणसांनी एकमेकांना फोन करून आपापल्या यंत्रात ती हातानं घालावी लागे. काकांनी मधल्यांना फोन लावला.

“आवाजाची वाट हवी होती. राखीव. येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारची आणि त्याआधी तालमींना.”

“राखीव?” मधले म्हणाले आणि मग थोडी शांतता आली.

“घरचंच काम आहे हो. आमच्या हिला पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळालीय.”

“अरे वा, वा! वहिनींना अभिनंदन सांगा. मग काय, झालंच समजा.”

ती मधली शांतता कसली होती, हे काकांनी विचारलं नाही. दुसऱ्याला अडचणीत टाकणारे प्रश्न ते विचारत नसत.

पहिली तालीम संध्याकाळी झाली आणि काय झाली म्हणता! काकू घरी आल्या त्या तरंगत. कप्तान जणू टेबलापलीकडे बसल्यासारखे ऐकू येत होते. काकू त्यांचं वाक्य अर्ध्यावर तोडायच्या, ते काकूंचं तोडायचे. निर्मात्या बाई काचेपलीकडे हसून हसून वाकल्या होत्या.

दुसरी तालीम मुद्दाम सोमवारी सकाळी अकराला ठेवली, प्रसारणाच्या बरोबर आठ दिवस आधी. आणि तिचा पार विचका झाला.

कप्तान बोलायला लागले आणि त्यांच्या शब्दांना उंदीर लागल्यासारखं झालं. “आज वा– पश्चिमे– तुम्हाला कि– वेळा सां–” काकू वाक्य संपण्याची वाट बघायच्या, ते कधी संपलं तेच कळायचं नाही, आणि मग दोघं एकदम बोलायचे किंवा दोघंही गप्प. भांडणाचा रंगच उतरला. भांडणाला ठेका लागतो. थांबून थांबून केलेलं भांडण म्हणजे चौकशी.

निर्मात्या बाईंनी कानावरचा हेडफोन काढला. “तुम्ही उत्तर उशिरा देताय.”

“त्यांचं वाक्य पोचलं की देते,” काकू म्हणाल्या.

“लाईनवाले म्हणतात सगळं ठीक आहे. हिरवा दिवा आहे.” बाई दुष्ट नव्हत्या, पण नव्या होत्या आणि त्यांचीही मान अडकली होती. “असं करू. गुरुवारपर्यंत हे सुधारलं आणि सोमवारची खात्री मिळाली तर ठीक. नाहीतर थेट प्रसारण रद्द. पहिल्या बाई आणि त्यांचा नेहमीचा नायक इथेच आहेत, दोघांना घेऊन टेप करू. वाईट वाटून घेऊ नका.”

त्या रात्री काकूंनी ‘कसं झालं’ विचारलं नाही. जेवणं झाल्यावर ताटं उचलताना एकदम म्हणाल्या, “अहो, खरं सांगा. उशीर तुमच्या डब्यांना होत होता की मलाच होत होता?”

काकांच्या ओठांवर ‘छान’ आलं होतं. ते इतकं सवयीचं झालेलं होतं की आपोआप यायचं. त्यांनी ते गिळलं. “बघतो,” ते म्हणाले.

त्यांनी दुसऱ्या दिवशी बघितलं. यंत्र आलेल्या-गेलेल्या डब्या मोजत असे आणि पलीकडच्या गावचं मोजमापही त्यांना इथून पाहता येई. कप्तानाच्या गावातून निघालेल्या डब्या पुऱ्या होत्या. इथे पोचलेल्या अपुऱ्या. म्हणजे माल मधल्या वळणावर सांडत होता. त्यांनी मधल्यांना फोन केला.

“माझ्याकडे तर हिरवं आहे,” मधले नेहमीपेक्षा बारीक आवाजात म्हणाले.

“मी येऊ का तिकडे?”

“या ना, या, कधीही या,” मधले म्हणाले, पण आवाज असा होता की जणू दंतवैद्य घरी यायचे आहेत.

काका बसनं गेले. यंत्राच्या खोलीचं दार उघडलं आणि समोर एक धिप्पाड, पहिलवानी अंगाचा माणूस उभा राहिला. हातातला चहाचा पेला त्याच्या बोटांत बाहुलीच्या खेळातला वाटत होता. “या, या,” त्या डोंगरातून तो ओळखीचा बारीक आवाज आला, “माफ करा हं, जरा अडचण आहे.”

अडचण म्हणजे सायकली. खोलीत यंत्राभोवती सायकलीच सायकली उभ्या होत्या.

“इमारतीतल्या लोकांच्या आहेत,” मधले ओशाळून म्हणाले. “आत ठेवू का म्हणतात. काय सांगणार?”

काकांना खिडकीतल्या कुंड्या आठवल्या आणि त्यांना पुढचं सगळं, न विचारता, कळून चुकलं. तरी विचारणं भाग होतं. “माझी वाट राखीव घातलीत ना?”

मधल्यांनी पेला खाली ठेवला. “घालायला गेलो होतो. यंत्र नाही म्हणालं.”

“का?”

“राखीव जागा संपलीय. मोठ्या साहेबांची चित्रसभा आहे ना, दर सोमवारी अकराला, पाच गावचे अधिकारी पडद्यावर. चित्राला केवढी जागा लागते तुम्हाला माहीत आहे. ती कायमची राखून ठेवलेली आहे. मग मी म्हटलं, वहिनींचं पहिलंच मोठं काम, नाही कसं म्हणायचं? म्हणून तुमची वाट उरल्यासुरल्यात घातली.”

आता उरल्यासुरल्यात म्हणजे काय, तर ज्याला जागा राखलेली नाही तो. इतर वेळी त्याचं काही बिघडत नाही. राखीव जागा रिकामी असली की त्यातूनही त्याला जाऊ देतात, म्हणूनच संध्याकाळची तालीम झकास झाली. पण सोमवारी अकराला साहेबांचं चित्र सुरू होतं, त्याच सुमाराला बँकांच्या फायली निघतात आणि मग हमालाला काहीतरी टाकावंच लागतं. आणि या डब्यांच्या चिठ्ठीवर एक बारीक खूण असते: गर्दी झाली तर आधी मला टाका.

“म्हणजे ती खूण घेऊन कप्तान बोलत होते,” काका म्हणाले.

“तेव्हाच सांगायला हवं होतं,” मधले म्हणाले. “पण तुम्ही ‘घरचं काम’ म्हणालात.”

काकांना रागवायचं होतं. पण त्यांच्या जागी आपण असतो तर आपण काय केलं असतं, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं, आणि तेवढ्यात एकजण सायकल घ्यायला आला आणि मधल्यांनी त्याच्यासाठी चार सायकली हलवून वाट करून दिली. रागवायला जागाच उरली नाही.

“साहेबांना सांगावं लागेल,” काका म्हणाले.

“तुम्ही बोला.”

“नाही, नाही, तुम्ही बोला. जागा तुमच्या यंत्रात संपलीय.”

“नाही हो, मला नाही जमणार. तुम्हीच.”

इतक्या वर्षांत दोघांच्या तोंडून पहिल्यांदाच ‘नाही’ निघालं आणि तेही एकमेकांना. शेवटी काकाच उठले, कारण साहेब त्यांच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर बसत.

घरी त्यांनी सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि दीर्घ श्वास सोडला. “म्हणजे मी नव्हते.”

“तू नव्हतीस.”

“पण साहेबांना सांगणार तुम्ही.” आणि पुन्हा श्वास सोडला, पण हा वेगळा होता.

लेकीनं सूत्रं हातात घेतली. “बाबा, मी साहेब. म्हणा, नाही.”

“नाही,” काका म्हणाले.

“हे ‘नाही’ जेवायला वाढू का विचारल्यासारखं वाटतंय. परत.”

“नाही?”

“प्रश्नचिन्ह कशाला? परत!”

बुधवारी सकाळी काका वरच्या मजल्यावर गेले. त्यांनी मनात एक लांबलचक, सगळीकडून उशा लावलेलं वाक्य तयार केलं होतं: जर शक्य असेल, गैरसोय होणार नसेल, तर एखाद्या वेळी सभा थोडी पुढेमागे करता येईल का. पण साहेबांनी मान वर करून “बोला” म्हटलं आणि त्या वाक्याच्या सगळ्या उशा गळून पडल्या.

“साहेब, सोमवारी अकराची चित्रसभा होणार नाही.”

साहेबांनी पेन ठेवलं. “असं कोणी ठरवलं?”

“मी,” काका म्हणाले आणि आपण हे काय बोललो या भीतीनं त्यांनी पुढचं सगळं एका दमात सांगून टाकलं: नाटक, कप्तानाचा पाय, जागा, चिठ्ठीवरची खूण, पहिल्या बाई, गुरुवार. मधल्यांचं नाव तेवढं वगळलं.

“समजा, मी नाही म्हणालो तर?”

“तर ते आत्ताच म्हणा, साहेब,” काका म्हणाले. “सोमवारी अकराला म्हणू नका. एवढंच मागणं आहे.”

साहेबांनी उठून दार लावून घेतलं, आणि आता आपली धडगत नाही अशी काकांची खात्री झाली.

“एक सांगू?” साहेब हळू आवाजात म्हणाले. “ती सभा माझी नाही. माझ्या आधीच्या साहेबांनी सुरू केली. मी आलो तेव्हा चालूच होती. पाच गावचे पाच जण बसतात आणि जांभया देतात. जागा राखीव असल्यामुळे जांभया इतक्या स्वच्छ दिसतात म्हणून सांगू! मला वाटायचं, त्यांना हवी आहे. त्यांना वाटत असणार, मला हवी आहे.” त्यांनी टेबलावरचा फोन जवळ ओढला. “सोमवारचीच कशाला? काढूनच टाका ती वाट. आणि नाटक कितीला म्हणालात?”

काका जिना उतरून आले ते पायऱ्या न मोजता. मधल्यांना फोन केला. “साहेबांची वाट काढा. आणि माझी राखीव म्हणून घाला. पण या वेळी यंत्र काय म्हणतं तेच मला सांगा. तुम्ही काही म्हणू नका.”

थोडा वेळ कळा दाबल्याचा आवाज आला. “हो म्हणतंय,” मधले म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच त्यांच्या अंगाला शोभेल असा निघाला.

गुरुवारची तालीम स्वच्छ झाली, पण निर्मात्या बाई दुधानं पोळलेल्या होत्या. त्यांनी काकांनाच फोनवर घेतलं. “सोमवारी, ऐन गर्दीत, हे असंच राहील?”

“हो.”

त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या काकूंनी फोन ओढून घेतला. “अहो, हे तुमचं हो आहे की यंत्राचं?”

“यंत्राचं.”

“मग चालेल,” काकूंनी बाईंना सांगितलं.

सोमवारी अकराला काका थंडगार खोलीत, कुंड्यांच्या मध्ये, एक छोटा रेडिओ घेऊन बसले. समोर यंत्र चालू होतं. बँकांच्या फायली निघाल्या होत्या, गर्दीचे दिवे लुकलुकत होते, आणि त्या गर्दीतून काकूंचा आणि कप्तानाचा आवाज, अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस बाइटच्या घासांनी, आपल्या ठेक्यात जात-येत होता. यंत्राला त्यात वारा आहे की भांडण, याचा पत्ता नव्हता. काकांनी बघितलं, सांडलेल्या डब्यांच्या रकान्यात फाईलीच्याच तेवढ्या होत्या आणि त्या पुन्हा पाठवल्या जात होत्या. आवाजाची एकही नव्हती. मग त्यांनी यंत्राकडे पाठ केली आणि नुसतं ऐकलं.

काकू कप्तानाला वाक्य पुरं करू देत नव्हत्या. कप्तान लाटांचं कारण सांगत होते आणि काकू त्यांना मागच्या लाटांची आठवण देत होत्या. दारात कोणीतरी सही घ्यायला आलं होतं ते ऐकत उभं राहिलं, मग आणखी एक. शेवटच्या प्रवेशात बोट पहिल्यांदाच वेळेवर धक्क्याला लागते, वायरलेस खोलीचं दार वाजतं, आणि बाई दार उघडून म्हणते, “अगं बाई!” एवढंच. तिथे नाटक संपतं.

संध्याकाळी काकू घरी आल्या. त्यांनी पुढच्या नाटकाचे कागद टेबलावर ठेवले. निर्मात्या बाईंनी स्टुडिओतच हातात दिले होते. मग पर्स ठेवायच्या आत विचारलं, “कसं झालं?”

काकांनी तोंड उघडलं. आणि मिटलं.

“भांडण फार उत्तम झालं,” ते म्हणाले. “पण शेवटी घाई केलीस. दार उघडल्यावर तू लगेच ‘अगं बाई’ म्हणालीस. तिनं इतक्या वर्षांत तो माणूस पाहिलेला नाही. जरा बघेल की नाही त्याच्याकडे?”

लेकीचा घास हातातच राहिला. काकूंनी पर्स ठेवली, खुर्ची ओढली, बसल्या.

“मलाही तिथेच खटकलं होतं,” त्या म्हणाल्या. “तिकडे सगळे नुसते टाळ्या वाजवत होते.” मग नवऱ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघून त्यांनी विचारलं, “आणि बाकीचं?”

“छान.”

“हे छान मी ठेवून घेते,” काकू म्हणाल्या. त्या उठल्या, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर गेल्या, दार लोटून घेतलं आणि पुन्हा उघडलं. दारात उभ्या राहून काकांकडे बघितलं. एक श्वास गेला, अर्धा गेला.

“अगं बाई! असं?”

“नाही,” काका म्हणाले. “आणखी जरा थांब.”